पोटचा नवरा

मी माझ्या नवऱ्याला जन्म दिला. हे वाक्य मी आजवर एकदाच मोठ्यानं बोलले, वाशीमच्या एका डॉक्टरसमोर, आणि ते ऐकून तिथल्या सिस्टरनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं पाहिलं माझ्या सासऱ्यांकडे. तिला काय वाटलं ते वेगळं सांगायला नको. तरणी विधवा सून, मातब्बर सासरा आणि मधे आठ वर्षांचं पोर, असे तिघं एका बाकावर दिसले की चारचौघं जे समजतील तेच ती समजली. तिचा राग येत नाही मला. खरं काय होतं ते त्याहून लाजिरवाणं होतं.

आमचं गाव मंगरूळपीरपासून बसनं अर्ध्या तासावर. सासरे उकंडराव संत्र्याचे बागायतदार, त्यातही कलमांसाठी नावाजलेले. लोक लांबून त्यांच्या नर्सरीत रोपं न्यायला येतात. मी धनजची. विसाव्या वर्षी या घरात आले, गणेशची बायको म्हणून. पाहा, लिहिताना नाव घ्यावंच लागलं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि माझ्यावर तर ती बंदी जरा जास्तच कडक झाली. ते पुढे येईल.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पोळ्याला तोरण तुटलं, बैल सुटले, त्यातला आमचा एक उधळला. गणेश त्याच्यामागे धावला आणि धावता धावताच पडला. बैलानं मारलं नव्हतं, साप चावला नव्हता, अंगावर साधा ओरखडा नव्हता. तेविसाव्या वर्षी माणूस असा पडतो आणि उठत नाही, हे कुणाला पटेना. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोस्टमॉर्टेम करू, कारण कळेल. सासरे दारात आडवे उभे राहिले.

"माह्या लेकराची चिरफाड नाही होऊ देनार. जसा आला तसा सगळा जाईन."

ओळखीपाळखी लावून त्यांनी देह घरी आणला. आणि मग जसाच्या तसा जाणाऱ्या त्या देहाजवळ जीपमधून एक माणूस उतरला, हातात फ्लास्क घेऊन. हा डॉक्टर होता म्हणे. वर्षभरापूर्वी तो आमच्या मुऱ्हा रेड्याच्या कानाचं कातडं घेऊन गेला होता, हुबेहूब तसलाच दुसरा रेडा करून देतो म्हणाला होता. त्यानं आतून कडी लावली, माझ्या नवऱ्याच्या कानामागचं नखाएवढं कातडं कापलं आणि फ्लास्कमध्ये ठेवलं. कशानं मेला ते कळावं म्हणून चिरू दिलं नाही, पुन्हा उगवावा म्हणून मात्र चिरू दिलं. तेव्हा मला एवढी अक्कल नव्हती. मी भिंतीला टेकून बसले होते.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सांगून टाकलं, दहावं नाही, तेरवी नाही. "जो वापस येऊन राह्यला त्याची तेरवी कायले?" गावाला कळवलं की नाशिकला जाऊन सगळं उरकलं. माझं मंगळसूत्र काढू दिलं नाही. बाहेर जाताना ते आत दडवायचं आणि घरात वर काढायचं. सासूबाई, म्हणजे प्रयागबाई, छाती पिटून रडायला बसल्या तर त्यांना दरडावलं, "चूप! मेल्यासारखी रडशीन तं येनारा येनार नाही." त्या बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि कामाला लागली.

मला त्यांनी नर्सरीत बोलावून समजावलं. हातात चाकू होता, कलमांचं काम चालू होतं.

"पाहा वैष्णवी, झाड मेलं म्हून त्याची जात मरते काय? डोया जित्ता पायजे. थो जंभेरीवर बांधला का झाड थेच, फय थेच, गोडी थेच. एवढी बाग उभी केली म्या, एक झाड बीपासून नाही."

म्हणजे जंभेरी मी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधतात. जंभेरीनं मुळं द्यायची, पाणी ओढायचं, उभं राहायचं. फळ तिचं नसतंच. आणि आणखी एक. नर्सरीत नवा मजूर आला की सासरे त्याला पहिल्याच दिवशी बजावत, डिंक्या लागलेल्या झाडाचा डोळा घेशील तर पाय तोडीन, रोग डोळ्यासोबत येतो. झाडाच्या बाबतीत त्यांना हे कळत होतं.

मला कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. माहेरचे घ्यायला आले होते, मीच गेले नाही. मला तो हवा होता. वर्षभराच्या संसारात पोट भरतं का कुणाचं? एकविशीतल्या मुलीला सांगितलं की तुझा माणूस तुझ्याच पोटातून परत येईल, तर ती दहा जणांचा सल्ला घेत बसत नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझं तर ठार बावळट होतं.

एका मोठ्या शहरात तीन वर्षं माझ्या फेऱ्या चालल्या, पोट दिसायला लागलं की तिथंच मुक्काम. इमारतीचं नाव सांगून उपयोग नाही, ती पाटी आता तिथं नाही. क्लोन हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. कुठल्या तरी गरीब मुलीची अंडी आणायची, ती आतून रिकामी करायची, त्यात गणेशच्या कातड्यातला कण घालायचा आणि तो गर्भ माझ्या पोटात ठेवायचा. पहिला दुसऱ्या महिन्यात गेला. दुसरा पाचव्यात. तिसरा सातव्या महिन्यात जन्मला, अंगानं नको तेवढा मोठा, निळा पडलेला, आणि तासाभरात गेला. फ्लास्कवाला डॉक्टर म्हणाला, "म्हशींमध्येही सुरुवातीला असंच होतं." मी विचारलं, त्याला कुठं पुरलं? तो म्हणाला, "त्याचा विचार करू नका, गणेश अजून यायचाय." अरे, मग मेले ते तिघं कोण होते? ते गणेश नव्हते? जगला की गणेश आणि मेला की कचरा, हा न्याय मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

चौथा जगला. पोट फाडून काढला, साडेचार किलोचा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझा सगळा खुळेपणा उतरला. मी वाट पाहत होते ती मंगरूळच्या बाजारातून माझ्यासाठी चोरून जिलेबी आणणाऱ्या माणसाची. कुशीत होतं दुधासाठी ओठ चाचपणारं लेकरू. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते मला पहिल्यांदाच भेटत होतं. तो नवरा नव्हताच. तो माझा मुलगा होता, आणि एवढ्या मोठ्या घरात हे फक्त मला कळलं.

विधवेचं बाळंतपण गावाला कसं दाखवणार? म्हणून कागदोपत्री तो उकंडराव आणि प्रयागबाईंनी दूरच्या गावातून घेतलेला दत्तक मुलगा झाला. नाव गणेश. चारचौघांत मी त्याची वहिनी, आणि दार लावलं की त्याची बायको. हसू नका. तो रांगायला लागला तेव्हा मी एकदा "गनेश, इकडं ये" म्हटलं, तर सासूबाई चुलीवरचं सोडून धावत आल्या. "नवऱ्याचं नाव घेते काय वो? आयुष्य कमी होते त्याचं!" त्यानंतर मी त्याला नावानं हाक मारली नाही. आई म्हण असंही सांगायची सोय नव्हती, आई त्या होत्या. दूध तेवढं माझं चालत होतं.

त्या पोराजवळ त्याचं स्वतःचं असं काही ठेवलंच नाही यांनी. कारलं थुंकून टाकलं तर सासूबाई म्हणायच्या, "आवडते तुले, आठव बरं." चित्र काढत बसला तर सासरे कागद उचलून ठेवायचे, "तुले चित्राचा नाद नाही, तुले बैलाचा नाद हाये." पोर बिचारं बैलाजवळ जाऊन उभं राहायचं आणि घाबरून परत यायचं. भिंतीवरच्या मोठ्या गणेशच्या फोटोकडे बोट करून ते पाहुण्यांना सांगायचं, "हा मी व्हय, पयलेचा." पाहुण्यांना ती गंमत वाटायची. मी कपबशा उचलून आत निघून जायचे.

या जानेवारीत शाळेच्या खेळांत तो शंभर मीटर धावला आणि रेघेच्या अलीकडेच पडला. थोडा वेळ श्वासच नव्हता म्हणे. मास्तरांनी पाणी मारलं, हलवलं, तेव्हा उठला. घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मला धीर दिला, "होते असं त्याले. नवव्या वर्षी बी पडला होता, मंग बाराव्या वर्षी. आपोआप ठीक होते."

"कोन पडला होता?" मी विचारलं.

"गनेश. आनखी कोन?"

लग्नाआधी दोनदा. मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर त्यांनी मलाच उलटा प्रश्न केला, "चक्कर येनाऱ्या पोट्ट्याले कोन पोरगी देते वो? तुहा बाप देता काय?" दर्ग्यात दोरा बांधला होता, गावाला ऊन लागलं म्हणून सांगितलं होतं आणि झाकून टाकलं होतं. आमच्याकडे सगळेच झाकतात. मिरगी झाकतात, कोड झाकतात, मुलीच्या चष्म्याचा नंबरसुद्धा झाकतात. लग्न पार पडलं की सुटलो म्हणतात.

मी हट्टच धरला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीमला गेलो, सासरे, मी आणि पोर.

डॉक्टर तरुण होता, पण नेमकं विचारणारा. "घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का? धावताना, पोहताना, दचकून?"

सासरे शांतपणे म्हणाले, "दत्तक हाये, साहेब. त्याच्या घरचं आमाले काय माहीत."

कागदानुसार त्यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरनं मान हलवली, अशक्तपणा असेल म्हणाला आणि टॉनिक लिहायला पेन उचललं. आता बोलले नाही तर हे पोर पुढच्या कुठल्या तरी पोळ्याला जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"साहेब, माहा नवरा तेविसाव्या वर्षी धावता धावता गेला. अन् हा थोच हाये. म्या माह्या नवऱ्याले जल्म देल्ला."

"नवरा गेल्यापासून पोरगी अशीच बोलते," सासरे घाईनं म्हणाले. सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं ते तेव्हा. डॉक्टरनं दोघांनाही थांबवलं. "बाई, एवढंच सांगा, तुमच्या नवऱ्याचं आणि याचं रक्ताचं नातं आहे का?"

"हाये," मी म्हटलं. "याहीले विचारा."

सासऱ्यांपुढे दोनच रस्ते होते. खरं सांगायचं, नाहीतर सिस्टरला वाटलं ते वाटू द्यायचं. त्यांनी मान खाली घातली. मेलेल्या मुलाची नक्कल करून घेतली हे कबूल करण्यापेक्षा सुनेशी शेण खाल्लं हे त्यांना सोपं गेलं.

ईसीजी झाला. डॉक्टरनं तो लांबलचक कागद बराच वेळ पाहिला. हृदयाच्या ठोक्याला जी वीज लागते तिच्यात जन्माचीच खोट आहे, म्हणाला. धावणं, पोहणं, फटाके बंद. रोज सकाळी न चुकता एक गोळी. नीट सांभाळलं तर नातवंडं पाहील. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "तुमच्या मिस्टरांनाही हेच असणार. तेव्हा तपासलं असतं तर..." पोस्टमॉर्टेमच्या खोलीच्या दारात आडवा उभा राहिलेला माणूस शेजारीच बसला होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

घरी सासूबाईंनी ती गोळी तळहातावर घेतली. "एवढीशी?" म्हणाल्या. मसुराच्या डाळीएवढी होती. बोटानं ती उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "कोनाले सांगू नोको हं. उद्या याचं लग्न कराचं हाये." मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढचा आठवडा सासरे फोनवरच होते. रविवारी सकाळी ओसरीवरच्या बाजेवर बसून त्यांनी मला बोलावलं. पोर आत नाश्ता करत होतं.

"त्या फ्लास्कवाल्या डॉक्टरजवळ कातड्याचे आनखी चार तुकडे हायेत, बर्फात. आता म्हने खोट आधीच काढता येते. या खेपेले निरोगी येईन."

"अन् हा?"

"हा बी राहीन ना घरात. कोन हाकलून राह्यलं त्याले? पन हा गनेश नव्हय. गनेश असा गोया खानारा नोयता."

रोगट कलम उपटून तिथं दुसरं लावायचं, एवढंच होतं त्यांच्या डोक्यात. त्यांना पोराचा रागही आला नव्हता. मी म्हटलं, "मी नाही. अन् याले घेऊन मी धनजले चालली."

ते हसले. "कोनत्या नात्यानं? वहिनी दिराले घेऊन जाते?"

"म्या त्याची माय हाये."

"कर मंग तपासनी. डॉक्टरनं मले पयलेच समजावलं हाये. रक्त पाहा, केस पाहा, पोरगा माहा अन् प्रयागचाच निंगन. तुहं त्याच्यात काहीच नाही."

आणि हे खरं आहे. गणेश त्यांचा मुलगा, म्हणून गणेशची नक्कलही त्यांचाच मुलगा. माझ्या पोटात चार वेळा राहिलं, एकदा पोट फाडलं, दोन वर्षं दूध पाजलं, आणि कुठल्याही तपासणीत मी त्याची कुणी नाही. कायदा त्यांचा, रक्तही त्यांचंच.

पोर दारात उभं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं. सकाळची गोळी त्याच्या हातातच होती, ती त्यानं माझ्यापुढे धरली.

"वहिनी, हे ठेव. नवा गनेश आला का त्याले लागन."

"त्याले नाही लागत," सासरे म्हणाले. "त्याले खोट नसन."

पोरानं गोळी मुठीत मिटली. "मंग मी मरतो. मी तं एकदा मेलोच हाये. काही दुखलं नाही मले."

मी त्याच्या एक थोबाडीत दिली. जन्मात पहिल्यांदा. लगेच त्याला छातीशी धरलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. "तू नाही मेला. तू एकदा बी नाही मेला. थो दुसरा होता, माहा नवरा. थो मेला, अन् थो वापस आला नाही. तू माह्या पोटचा हायेस, तुहा जीव पयलाच हाये."

"तोंड सांभाळ!" सासरे बाजेवरून उठले. पण त्या घरात अकरा वर्षांत जे कुणी उच्चारलं नव्हतं ते बोलून झालं होतं, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा हंबरडा फुटला.

"माहा गनेश मेला वो माय! माहा तरना लेक मेला! एवढ्याशा गोयीसाठी मेला वो! म्या झाकलं, अन् तुमी चिरू देल्लं नाही!"

सासरे "चूप, प्रयाग, चूप" म्हणत राहिले. त्या ऐकण्यापलीकडे गेल्या होत्या.

असा आवाज उठला की गावात बाया हातातलं टाकून येतात. शेजारची सोनीबाई पिठाच्या हातांनीच आली, तिच्यामागे आणखी चार-पाच. शाळेत पोर पडल्याचं सगळ्यांना माहीत होतं. त्या आल्या त्या तोंडाला पदर लावूनच. "गेला काय वो गनेश?"

पोर माझ्या हातातून सुटून दारात गेलं. गाल अजून लाल होता. "मी नाही गेलो," ते म्हणालं. "मोठा गेला."

"थो तं कवाचाच गेला, लेका," सोनीबाई गोंधळून म्हणाली. "मंग आता काहून रडून राह्यल्या?"

सासऱ्यांनी चपला घातल्या आणि बायांच्या मधून वाट काढत बागेकडे निघाले. फाटकापाशी पोचेपर्यंत फोन त्यांच्या कानाला लागला होता. मी नाही म्हटल्यानं काही अडत नाही. चार तुकडे बर्फात आहेत, आणि अडलेल्या बाईचं पोट कुठंही मिळतं.

मी पोराला आत नेलं. आ कर म्हटलं, त्याच्या मुठीतली गोळी काढून जिभेवर ठेवली, पाणी दिलं. त्यानं ती गिळली आणि तोंड पुसत विचारलं, "थो नवा आला तं मी त्याचा कोन?"

"कोनीच नाही," मी म्हटलं. "तू फक्त माहा."

त्याला ते पटलं, तो हसला. आणि हे खरं ठरवायला माझ्याजवळ या जगात एक कागद नाही.